कुंडीतील ऑर्किड: पानांवरील डागांचे निदान आणि फुलोऱ्याची तयारी

कुंडीत ऑर्किड वाढवणाऱ्याला बहुधा दोन प्रश्न पडतात. पानावर आलेला हा डाग कशाचा, हा पहिला. आणि झाड हिरवेगार असूनही फुलोरा का येत नाही, हा दुसरा. पहिल्यावर बुरशीनाशक आणि दुसऱ्यावर ‘फुलांचे खत’ असा उपाय दुकानात सहज मिळतो, म्हणून तो सहज केलाही जातो. परंतु बऱ्याचशा डागांशी बुरशीचा संबंध नसतो, आणि फुलोरा न येण्याचे कारण खतात क्वचितच सापडते. दोन्ही तक्रारींचा उगम बहुतेक वेळा प्रकाश, खेळती हवा आणि मुळांची अवस्था या तीन गोष्टींत असतो. म्हणून निदानाला पुरेसा वेळ द्यावा आणि औषधाची बाटली सर्वांत शेवटी उघडावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील विवेचन मुंबई, कोकण, गोवा आणि पुणे-नाशिक या हवामानात घरोघरी दिसणाऱ्या फॅलेनोप्सिस, डेंड्रोबियम आणि व्हँडा या ऑर्किडांना धरून केले आहे.

सह्याद्रीत आंबा, जांभूळ, ऐन अशा झाडांच्या फांद्यांवर सीतेची वेणी आणि तिच्या जातकुळीतील अनेक ऑर्किडे वाढतात. जून ते सप्टेंबर ती जवळजवळ अखंड भिजतात आणि तरीही सहसा कुजत नाहीत. त्यांची मुळे उघड्यावर असतात, पाऊस थांबताच वाऱ्याने सुकतात. झाड फांदीला तिरपे किंवा लोंबते असल्यामुळे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. तेच झाड आपण सरळ उभे करून, प्लॅस्टिकच्या कुंडीत, तीन बाजूंनी भिंती असलेल्या बाल्कनीत ठेवतो तेव्हा पाणी तेवढेच राहते आणि वारा मात्र नाहीसा होतो. पावसाळ्यातील बहुतेक डागांचे स्पष्टीकरण एवढ्या एका फरकात मिळते.

डाग कसा पाहावा

पानाकडे पाहण्याआधी ऋतू आणि जागा पाहावी. गेल्या दोन-तीन आठवड्यांत काय बदलले, याची मनाशी नोंद करावी: कुंडी हलवली का, पावसाचे शिंतोडे येऊ लागले का, उन्हाची तिरीप नव्या ठिकाणी पडू लागली का, खताची मात्रा वाढवली का. त्यानंतर डागावर हलके बोट ठेवावे. डाग कोरडा, कागदासारखा लागतो की ओला, मऊ आणि दाबला जाणारा, हा निदानातील सर्वांत महत्त्वाचा फरक आहे, कारण कोरड्या डागाला थांबून विचार करण्याइतका वेळ असतो आणि ओल्या डागाला तो नसतो.

डाग कोणत्या पानांवर आहे, तेही पाहावे. केवळ सर्वांत जुन्या, तळच्या पानावर असेल तर चिंतेचे कारण कमी असते. नव्या पानावर किंवा शेंड्यावर असेल तर ताबडतोब लक्ष द्यावे लागते. पान उजेडासमोर धरले असता डागाभोवती पिवळे किंवा पाणथळ वलय आहे का, हे स्पष्ट दिसते. पानाची खालची बाजू पाहिल्याशिवाय निदान पूर्ण होत नाही, कारण बुरशीचे काही डाग आणि बहुतेक किडी प्रथम तेथेच दिसतात.

शेवटची चाचणी काळाची असते, आणि तीच सर्वांत विश्वासार्ह असते. डागाच्या कडेवर मार्करने बारीक रेघ ओढावी, बाजूला तारीख लिहावी आणि डाग जवळून स्पष्ट दिसेल असे छायाचित्र काढून ठेवावे. चोवीस तासांत रेघ ओलांडली गेली तर जिवाणूचा किंवा काळ्या कुजीचा संशय घ्यावा. आठवड्या-दोन आठवड्यांत थोडी ओलांडली गेली तर बुरशी संभवते. महिना उलटूनही डाग जागचा हलला नाही तर ती जुनी इजा आहे, तिच्यावर कोणतेही औषध मारण्याचे कारण नाही. झालेला डाग कोणत्याही उपायाने पुन्हा हिरवा होत नाही. उपचाराचे यश नव्या पानांच्या स्वच्छतेवरूनच मोजावे लागते.

उन्हाचा चटका

पानाच्या सर्वांत वरच्या, बाक घेतलेल्या भागावर एकच मोठा, फिकट पांढुरका किंवा बदामी रंगाचा कोरडा चट्टा उमटला, त्याची कड रेखीव असली आणि खालची सावलीतील पाने स्वच्छ असली, तर तो उन्हाचा चटका समजावा. हा चट्टा पुढे काळपट होतो आणि त्यामुळे रोगासारखा दिसू लागतो, परंतु पसरत नाही.

तो कधी येतो हे समजण्यासाठी सूर्याचा मार्ग लक्षात घ्यावा लागतो. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत येते. पावसाळाभर ढगांखाली कोवळी झालेली पाने ऑक्टोबरच्या उन्हात दोन-तीन दिवसांत भाजतात, ती याच कारणाने. उलट एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेकडच्या खिडकीतही सकाळी आणि सायंकाळी थेट ऊन पडते, आणि वर्षभर सुरक्षित असलेली जागा अचानक धोक्याची ठरते. भर दुपारी पानाला हात लावून पाहावा. पान हाताला गरम लागत असेल तर त्याच क्षणी कुंडी आत घ्यावी किंवा शेडनेट लावावे. फॅलेनोप्सिससाठी ७५ टक्के आणि डेंड्रोबियमसाठी ५० टक्के सावलीचे शेडनेट सर्वसाधारणपणे योग्य ठरते. भाजलेले पान कापू नये. त्याचा उरलेला हिरवा भाग झाडासाठी अन्न तयार करतच असतो.

ओला डाग: येथे घाई करावी

जुलै-ऑगस्टमध्ये फॅलेनोप्सिसच्या पानावर पाण्याने भरलेल्या फोडासारखा, अर्धपारदर्शक डाग दिसला, भोवती पिवळे वलय असले आणि दाबल्यावर आतून पाणी सुटले, तर तो जिवाणूचा संसर्ग असतो. काही प्रकारांत डाग तपकिरी होऊन आकसतो, तर मऊ कुजीत पूर्ण पान दोन-तीन दिवसांत लिबलिबीत होते आणि त्याला कुजका वास येतो. उष्ण, दमट, वारा नसलेली हवा आणि पानावर रात्रभर टिकलेले पाणी, एवढे त्याला पुरते. संसर्ग पानांच्या मधल्या गाभ्यापर्यंत पोचला तर फॅलेनोप्सिस बहुधा वाचत नाही, कारण या झाडाला वाढीचा शेंडा एकच असतो.

असे झाड प्रथम इतरांपासून वेगळे करावे. नवे ब्लेड ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून थंड करावे आणि डागाच्या कडेपासून निरोगी भागात दीड-दोन सेंटिमीटर आत जाऊन पान कापावे; डागाच्या कडेवरूनच कापले तर जिवाणू मागे राहतात. प्रत्येक कापानंतर ब्लेड पुन्हा तापवावे. कापलेल्या कडेवर दालचिनीची बारीक पूड लावावी, ती जखम कोरडी ठेवते. ही पूड मुळांवर मात्र कधीही पडू देऊ नये, कारण ती त्यांनाही तितकीच कोरडी करते. त्यानंतर चार-पाच दिवस पानांवर पाण्याचा थेंब पडू देऊ नये आणि शक्य असल्यास लहान पंखा मंद वेगाने सुरू ठेवावा. कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला दोन ते अडीच ग्रॅम या प्रमाणात फवारता येते, परंतु डेंड्रोबियमची कोवळी वाढ आणि कोणत्याही ऑर्किडच्या कळ्या व फुले तांब्याच्या औषधाने करपू शकतात, म्हणून तेथे ते टाळावे. प्रतिजैविकांची पावडर घरच्या कुंड्यांवर वापरण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. मी तो कोणालाही देणार नाही. माणसाच्या आजारांवर कामी येणारी औषधे बाल्कनीत उधळून जिवाणूंना त्यांची सवय लावणे योग्य नाही, आणि वेळीच कापणे व कोरडे ठेवणे हे उपाय त्याहून परिणामकारक आहेत.

काळी कूज जिवाणूच्या कुजीसारखीच वेगवान असते, परंतु तिची सुरुवात बहुधा खालून होते. डेंड्रोबियमच्या किंवा कॅटलिया या दुसऱ्या ऑर्किडच्या नव्या फुटव्याच्या तळाशी जांभळट काळा रंग चढतो, तो वर सरकतो आणि पान पिवळे न पडता, हिरवे असतानाच, हलक्या स्पर्शाने गळून पडते. फायटॉप्थोरा आणि पिथियम या पाण्यातून पोहत पसरणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे ही कूज होते. एका कुंडीतून निथळलेले पाणी खालच्या कुंडीत पडणे, ही तिच्या प्रसाराची नेहमीची वाट आहे. कार्बेन्डाझिम हे घरोघरी असणारे बुरशीनाशक या रोगावर काम करत नाही, आणि ते मारून आपण उपचार केला या समजुतीत जाणारे दिवस झाडाला महागात पडतात. येथे मेटॅलॅक्सिल आणि मॅन्कोझेब यांचे मिश्रण लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात, बाधित भाग कापून टाकल्यानंतर, फवारावे लागते. फवारताना हातमोजे आणि मास्क वापरावेत, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी फवारणी करू नये.

संथपणे वाढणारे डाग

बुरशीचे खरे डाग कोरडे आणि सावकाश वाढणारे असतात. पानाच्या टोकाकडून मागे सरकत येणारा तपकिरी, किंचित खोलगट भाग, त्यात एकात एक वर्तुळे आणि वर्तुळांवर बारीक काळे ठिपके असतील तर तो करपा असतो. करपा बहुधा आधीच दुखावलेल्या पानावर येतो. उन्हाने भाजलेला किंवा खताने जळलेला भाग त्याला आयता मिळतो. म्हणून करपा दिसला की त्याआधीची इजा कोणती होती, हेही शोधावे. सर्कोस्पोरा या बुरशीचा डाग प्रथम पानाच्या खालच्या बाजूस पिवळा दिसतो आणि नंतर दोन्ही बाजूंस जांभळट तपकिरी होतो. व्हँडाच्या पानांवर शिरांच्या दिशेने लांबट, शंकरपाळ्याच्या आकाराचे जांभळे-काळे डाग पडतात आणि त्यांवरून बोट फिरवले तर खरखरीत लागते. हा फायलोस्टिक्टा या बुरशीचा प्रादुर्भाव असतो आणि तो वर्षानुवर्षे रेंगाळतो. फार बाधित झालेली पाने काढून टाकावीत, आणि पावसाळा सुरू होण्यापूर्वी तसेच पावसाची उघडीप मिळेल तेव्हा मॅन्कोझेब लिटरला दोन ग्रॅम या प्रमाणात पानांच्या दोन्ही बाजूंस फवारावे. मॅन्कोझेब पानाच्या पृष्ठभागावर राहून संरक्षण करते, आत शिरलेली बुरशी काढत नाही. म्हणून डाग वाढल्यानंतर मारण्यापेक्षा आधी मारण्याला अर्थ आहे.

उन्हाळ्यात पानांवर चंदेरी, बारीक टोचल्यासारखे ठिपके दिसले आणि पानाची चमक गेली, तर ओला पांढरा रुमाल पानाच्या खालून पुसून पाहावा. रुमालावर तांबूस डाग उमटले तर लाल कोळी आहेत. कोळी हा कीटक नसल्यामुळे सर्वसाधारण कीटकनाशके त्याच्यावर निरुपयोगी ठरतात, उलट त्याचे नैसर्गिक शत्रू मारून त्याला मोकळे रान देतात. पानांची खालची बाजू दर तीन-चार दिवसांनी पाण्याने धुऊन पुसणे आणि सायंकाळी निंबोळी तेल फवारणे, एवढ्याने घरच्या आठ-दहा कुंड्या आटोक्यात येतात. पानाच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. ते स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने टिपून काढावेत. फुलदांड्यावर किंवा कळीच्या देठावर दिसणारा पारदर्शक, चिकट थेंब मात्र रोगाचा नसतो. तो झाडाचाच गोड स्राव असतो, आणि किडी आढळल्या नाहीत तर त्याकडे दुर्लक्ष करावे.

पानावर फिकट आणि गडद हिरव्याचे अनियमित पट्टे, खोलगट काळ्या रेघा किंवा वलये दिसत असतील, ती प्रत्येक नव्या पानावर पुन्हा येत असतील आणि फुलांच्या रंगात तुटक डाग पडत असतील, तर विषाणूचा संशय घ्यावा. सिंबिडियम मोझॅक आणि ओडोन्टोग्लॉसम रिंगस्पॉट हे दोन विषाणू जगभरच्या लागवडीतील ऑर्किडांत सर्वाधिक आढळतात. त्यांच्यावर औषध नाही. ते मुख्यतः न निर्जंतुक केलेल्या कात्रीने आणि वापरलेल्या कुंड्यांनी पसरतात. केवळ नजरेने खात्री होत नाही, म्हणून संशयित झाड वेगळे ठेवावे, शक्य असल्यास तपासणी-पट्टीने खात्री करावी, आणि खात्री झाल्यावर ते नष्ट करावे. आवडते झाड टाकून देणे जड जाते हे खरे, परंतु शेजारच्या वीस कुंड्यांचे भवितव्य त्यावर अवलंबून असते.

केवळ पानांची टोके करडी-तपकिरी होत असतील आणि कुंडीच्या कडेवर किंवा मुळांवर पांढरे पापुद्रे दिसत असतील, तर पाण्यातील आणि खतातील क्षार साचले आहेत. मुंबई-पुण्याचे धरणांतून येणारे नळाचे पाणी सामान्यतः मृदू असते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी बऱ्याचदा जड असते. महिन्यातून एकदा कुंडीतून भरपूर साधे पाणी वाहू द्यावे, आणि पावसाचे पाणी साठवता आले तर तेच वापरावे.

फुलोऱ्यासाठी

फुलोऱ्याचा विचार मुळांपासून सुरू करावा. निरोगी मूळ कोरडे असताना रुपेरी पांढरे आणि भिजल्यावर हिरवे दिसते, दाबल्यास टणक लागते. कुजलेले मूळ तपकिरी व पोकळ असते आणि ओढल्यास त्याची साल निघून आतला दोरा हातात राहतो. पाने सुरकुतली की पाणी कमी पडले, असे समजून लोक आणखी पाणी घालतात. पण मुळे कुजली असली तरी पाने तशीच सुरकुततात, कारण पाणी आत घेणारे काही उरलेले नसते. कुंडी पाहिल्याशिवाय पाणी वाढवू नये. फुलासह विकत आणलेल्या फॅलेनोप्सिसची मुळे बहुधा घट्ट दाबलेल्या मॉसमध्ये, म्हणजे वाळवलेल्या शेवाळात, असतात. वातानुकूलित हरितगृहात ते चालते, कोकणच्या दमट हवेत त्याचा गाभा आठवडा आठवडा ओला राहतो. फुले ओसरल्यावर ते मॉस काढून लोणारी कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या सोडणांचे तुकडे यांच्या भरड मिश्रणात झाड लावावे. सोडणांचे तुकडे आधी तीन-चार वेळा पाणी बदलून भिजवावेत, म्हणजे त्यांतील क्षार निघून जातात. शेण, चहाचा चोथा, किंवा कुंडीतील माती या झाडांना घालू नये. त्यांनी मुळांभोवतीची हवा बंद होते.

मुळे चांगली असतील तर पुढचा प्रश्न प्रकाशाचा, आणि माझ्या अनुभवात न फुलणाऱ्या दहापैकी बहुतेक झाडांचे उत्तर येथेच मिळते. गर्द, काळपट हिरवी पाने हे आरोग्याचे लक्षण मानले जाते, पण ऑर्किडमध्ये ते अपुऱ्या उजेडाचे लक्षण आहे. पानाचा रंग किंचित पिवळसर झाक असलेला, कोवळ्या गवतासारखा असावा. दुपारी पानाच्या वर हातभर अंतरावर तळहात धरावा: सावली पुसट कडेची पडली तर तो उजेड फॅलेनोप्सिसला पुरेसा आहे, स्पष्ट कडेची पडली तर डेंड्रोबियमला. आकड्यांत सांगायचे तर फॅलेनोप्सिसला सुमारे १० ते १५ हजार लक्स आणि डेंड्रोबियमला २० ते ३० हजार लक्स प्रकाश लागतो. व्हँडाला त्याहूनही अधिक. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात, जेथे आपल्याला आरामात वाचता येते, तेथे हा प्रकाश याच्या दशांशही नसतो. झाड उजेडाकडे नेताना ते आठवड्या-आठवड्याने पुढे सरकवावे, नाहीतर वर सांगितलेला चटका बसतो.

फॅलेनोप्सिसला याशिवाय गारवा लागतो. दिवसाचे तापमान २८-२९ अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर ते पाने काढत राहते आणि फुलदांडा काढत नाही. दिवसा २५ आणि रात्री २० अंशांच्या आसपास काही आठवडे मिळाले की पानाच्या बगलेतून दांडा डोकावतो. पुणे आणि नाशिक येथे नोव्हेंबरपासूनच रात्रीचा असा गारवा आपोआप मिळतो. मुंबईत आणि किनाऱ्यावर ती संधी डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत, तीही तुटक स्वरूपात मिळते. त्या काळात कुंडी रात्री खिडकीबाहेर, मोकळ्या हवेत ठेवावी आणि दिवसा उजेडात पण तापणार नाही अशी ठेवावी. दांडा आणि मूळ यांत घोटाळा होतो: मुळाचे टोक गोल, गुळगुळीत असते, दांड्याचे टोक चपटे, एका बाजूला खाच असलेले असते आणि ते वर वळते. दांडा दिसल्यापासून पहिले फूल उमलायला साधारण तीन महिने लागतात. या काळात कुंडी फिरवू नये, कारण दांडा प्रकाशाकडे झुकून वाढतो आणि दिशा बदलत राहिली तर फुलांची रांग वेडीवाकडी होते.

डेंड्रोबियमबाबत आपल्याकडील झाड कोणत्या गटातील आहे, हे ठरवल्याशिवाय कोणताही सल्ला उपयोगाचा नाही. उंच, काठीसारख्या खोडाच्या शेंड्याजवळून लांब दांड्यावर फुले देणारी सदाहरित जात मुंबई-गोव्याच्या उष्ण दमट हवेत उत्तम रमते, आणि भरपूर उजेड व नियमित खत मिळाले तर वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलते. नोबिले गटातील जात मात्र खोडाच्या पेऱ्यापेऱ्यावर फुलांचे झुबके देते आणि तिला हिवाळ्यात विश्रांती लागते. नोव्हेंबरपासून तिचे खत पूर्ण थांबवावे, पाणी खोड सुरकुतणार नाही इतपतच द्यावे आणि रात्रीचा गारवा लागू द्यावा. पाने गळू लागली तर घाबरू नये, ती गळायचीच असतात. याच काळात दयेपोटी पाणी आणि नत्र देत राहिले तर फुलांच्या जागी पेऱ्यांवर पिल्ले, म्हणजे नवी रोपटी, फुटतात. महाबळेश्वर, नाशिक, पुणे येथे ही जात सहज फुलते. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी पहिल्या गटातील झाड घ्यावे, असे मी सुचवेन. सिक्कीम-दार्जिलिंगच्या सहलीवरून आणल्या जाणाऱ्या सिंबिडियमबाबतही तेच. थंड रात्रींशिवाय ते मुंबईत पाने वाढवते आणि फुलत नाही. त्यात मालकाची कसूर नसते.

खताविषयी थोडक्यात सांगता येईल. फर्टिगेशनसाठी, म्हणजे पाण्यातून देण्यासाठी, मिळणारे १९:१९:१९ (नत्र, स्फुरद आणि पालाश समप्रमाणात) हे विद्राव्य खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, वाढीच्या काळात आठवड्यातून एकदा, आधी साध्या पाण्याने मुळे भिजवून मगच द्यावे. कोरड्या मुळांवर खत पडल्यास ती जळतात. ०:५२:३४ सारखी स्फुरदयुक्त खते फुले आणतात, अशी ठाम समजूत आहे. नवे खोड मागच्या खोडाइतके किंवा त्याहून मोठे झाले नसेल, किंवा उजेड अपुरा असेल, तर कोणतेही स्फुरद फूल आणू शकत नाही. आणि या दोन्ही गोष्टी ठीक असतील तर साध्या संतुलित खतावरही झाड फुलते. पैसे खर्च करायचेच असतील तर ते शेडनेटवर आणि पंख्यावर करावेत.

कळ्या येऊन पिवळ्या पडत आणि गळत असतील तर कुंडीच्या आसपास पिकणारी फळे आहेत का, ते पाहावे. पिकत्या फळांतून इथिलीन वायू सुटतो आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो फार थोड्या प्रमाणातही बाधतो. एप्रिल-मेमध्ये घरात आंब्याची आढी लावली असेल, किंवा केळ्यांचा घड टांगला असेल, त्या खोलीत कळ्यांवर आलेले झाड ठेवू नये. धुपाचा आणि उदबत्तीचा दाट धूर, एसीचा थेट झोत आणि कळ्या आल्यावर जागेची अदलाबदल यांचाही परिणाम तोच होतो.

फुले ओसरल्यावर फॅलेनोप्सिसचा दांडा हिरवा असेल आणि झाडाला चार-पाच दणकट पाने असतील तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेऱ्याच्या वर कापावा, तेथून फाटा फुटून पुन्हा फुले येऊ शकतात. झाड अशक्त असेल तर दांडा तळाशी कापून त्याला पाने वाढवू द्यावीत. कुंडी बदलायची असेल तर नवी मुळे डोकावू लागताच, शक्यतो फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बदलावी, म्हणजे पावसाळ्यापूर्वी मुळे नव्या मिश्रणात स्थिरावतात. भर पावसात बदललेल्या कुंडीत मुळांच्या जखमा कुजतात. फॅलेनोप्सिस लावताना ते किंचित तिरपे लावावे, म्हणजे गाभ्यात पाणी थांबणार नाही. आणि डेंड्रोबियमची जुनी, पाने गळालेली खोडे सुकल्यासारखी दिसतात म्हणून कापू नयेत: ती हिरवट व टणक असतील तोवर नव्या फुटव्याला साठवलेले अन्न देतात, आणि पुढल्या हंगामात त्यांच्याच पेऱ्यांवर पुन्हा कळ्या येऊ शकतात. पूर्ण तपकिरी आणि पोकळ झालेले खोड तेवढे तापवलेल्या ब्लेडने तळाशी काढून टाकावे.